रेणुकाच्या व्हॅनचा डावा लाईट

देऊळघाटात व्हॅन चालवनाऱ्या बाया मोजाले बसलं तर एका बोटावरच मोजनं संपते. रेणुका. पांढरी जुनी व्हॅन, मांगच्या काचेवर नऊ पोट्ट्यायच्या हाताचे ठसे, आन् समोर रेणुका, पदर कमरेले खोचेल, केसाचा बुचडा घट्ट. सकाळी गावातून पोट्टे भरते, बुलढान्याच्या शाळेत सोडते, दुपारी वापस आनते. पाच वर्षं झाली, एक भी पोट्टं कधी शाळेत उशिरा पोहोचलं नाही. गावातल्या माया डोळे झाकून लेकरं तिच्या हवाली करतात.

ती मूळची अमडापूरची. बाप पंजाबराव, मोटारी भरनारा. विहिरीवरची मोटार जळली का लोक त्याच्याकडे घेऊन येत, आन् तो जळेल तार उपसून नवी तांब्याची तार गुंडाळून देये. रेणुका पाचवीत होती तवापासून बापासमोर बसून वेढे मोजे. एक वेढा चुकला का बाप मारत नसे, रागवत भी नसे. सारी तार उलगडे आन् म्हने, पुन्हा पयल्यापासून. असं चार खेप झालं का मंग मानूस चुकतच नाही.

लग्न होऊन देऊळघाटात आली तवा व्हॅन तिचा नवरा चंद्रशेखर चालवे. मंग त्याच्या कमरेतली गादी सरकली. डाक्टर म्हने आता स्टेअरिंग नाही. तो बुलढान्यात बी-बियान्याच्या दुकानात बसू लागला, आन् व्हॅन अंगनात उभी राह्यली. जो येये तो म्हने ईकून टाका. रेणुकानं ईकली नाही, शिकली. दोन महिने गावाबाहेरच्या मैदानात धक्के खात खात शिकली, लायसन काढलं, आन् एक दिवस शाळेच्या मोठ्या बाईसमोर जाऊन उभी राह्यली. म्हने, पोट्टे मी आनत जाईन.

आता औंदाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी होती, व्हॅन पंधरा-वीस दिवस गोठ्याच्या बाजूले उभी. गोठ्यात सोयाबीनचं कुटार, जनावरायचा भुसा, भरेल. सोमवारी रेणुकानं गाडी चालू करून पाह्यली, कारन शुक्रवारी पासिंग होतं. पासिंग म्हंजे बुलढान्याले आरटीओत गाडी नेऊन साहेबाले दाखवा लागते. लाईट, ब्रेक, सारं पाहून तो कागद देते, आन् तो कागद नसला तर शाळा गाडी आत घेत नाही. शाळा त्याच्या पुढच्या सोमवारी उघडनार.

गाडी चालू झाली. लाईटाचं बटन दाबलं, अंधार. इंडिकेटर टाकला, काहीच नाही.

दिवसाढवळ्याच गाडी घेऊन ती बुलढान्याच्या एका मिस्त्रीकडे गेली. त्यानं समोरचं झाकन उचललं, टार्च मारला, लगेच खाली ठेवलं. सारं वायरिंग उंदरानं खाल्लं म्हने. पूर्न गुच्छाच बदला लागन, बाहेरून मागवा लागन, आठ दिवस तरी धरा. रेणुकानं सांगतलं का शुक्रवारी पासिंग हाय. मिस्त्री म्हने मंग पुढची तारीख घ्या. पुढची तारीख महिन्यानं होती.

महिनाभर पोट्टे काय पायी जानार होते. गावातल्या कुलदीपनं नुकतीच नवी व्हॅन घेतली होती, आन् तो सुट्टीतच दोन घरी जाऊन आला होता, मी नेतो म्हून. एक खेप पोट्टे त्याच्या गाडीत बसले का मंग संपलं. चंद्रशेखरच्या पगारात घर चालत नाही हे रेणुकाले ठाऊक होतं, पन तिले त्याच्यापेक्षा दुसरंच लागत होतं. ही व्हॅन तिची होती. तिनं कमावेल होती ती जागा, पाच वर्षं, धुक्यात, गारठ्यात. उंदरापायी ती जागा सोडनं तिच्या मनाले पटेना.

घरी येऊन तिनं भाकरी थापल्या, सासू मंजुळाबाईले वाढलं, नवऱ्याले वाढलं, आन् सासूचं ताट उचलता उचलता सांगून टाकलं का वायरिंग मीच करनार.

चंद्रशेखर जेवता जेवता थांबला. तो भला मानूस, पन वायरीले भेते. म्हने, फ्यूजले सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळ, होते चालू, आपले डायव्हर लोक तसंच करतात.

"आन् पोट्टे आत असताना वायर जळाली तर?" रेणुका म्हनली. "फ्यूज जळते म्हून गाडी जळत नाही. चांदी जळतच नाही."

मंग तो म्हने, उद्या दुकानाले सुट्टी टाकतो, टार्च धरतो.

मंगळवारी सकाळी अंगनात चादर अंथरली. त्याच्यावर पक्कड, चाकू, काळी टेप, बापानं लग्नात देल्ल्या भांड्यायच्या खाली लपवून आनलेलं कथील वितळवून तारा जोडाचं डाग द्यायचं यंत्र, कथील, राळ. सगळ्यात आधी तिनं सीटखालची बॅटरी पाह्यली आन् तिची मायनस वायर सोडली. बापाचा नेमच होता तो, आधी लाईट तोड मंग हात घाल. त्याच्या दुकानात जे पोट्टं हा नेम मोडे त्याले तो त्या दिवशी घरी पाठवे.

झाकन उचललं. आत उंदरानं संसारच मांडला होता. कापूस, सुतळी, कुटाराच्या काड्या, आन् त्याच्याखाली वायरा. कोनाचं प्लास्टिक सोलून तांबं उघडं, कोनाचे दोन तुकडे, कोनाचा रंगच चाटून गेलेला. दोन उघड्या तारा एकीले एक भिडल्या होत्या, म्हून फ्यूज गेला होता. घरट्याच्या मधात खोबऱ्याचा एक तुकडा होता, अर्धा कुरतडेल. रेणुकानं तो पाह्यला, कोनाचा असन ते तिले कळलं, आन् तिनं तो कुटारात फेकून देल्ला.

गडबड अशी, का कोनती वायर कोनाची हेच कळेना. सतरा टोकं इकडं, सोळा तिकडं. चंद्रशेखर म्हने कागदावर लिव. तिनं कपाटातून टिकल्यायचं पाकीट आनलं. ज्या दोन टोकायचा रंग जुळते त्यायले एकाच रंगाची टिकली. लाल टिकली इथी, लाल टिकली तिथी. हिरवी, जांभळी, चमकीची. एक तास झाला तं गाडीचं तोंड हळदीकुंकवाले चाललेल्या सवासिनीसारखं दिसू लागलं. ज्यायचा रंग उंदरानं खाल्ला होता त्या वायरायसाठी तिनं जुन्या इंडिकेटरच्या बल्बले दोन तारा लावल्या, नवा फ्यूज घालून बॅटरीची मायनस घडीभर परत जोडली, आन् एकेक टोकाले लावून पाह्यलं. बल्ब पेटला का कळे, ही बटनापासून येनारी वायर. कळलं का मायनस पुन्हा सोडे.

तेवढ्यात कुलदीप आला. घरावरून जात होता म्हने, पन त्याच्या घराचा रस्ता इकडून जात नाही. फाटकाशी उभा राहून पाह्यलं.

"वहिनी, हे वायरिंग हाय, भाकरीचा गोळा नाही. जमलं नाही तर पोट्टे मी नेतो, काळजी करू नोका."

रेणुकानं मान वर केली नाही. दातात टेपचा तुकडा होता, तो काढला.

"कुलदीपभाऊ, तुमाले भाकर तरी जमते का?"

चंद्रशेखर हासला, कमर धरून हासला. कुलदीप भी हासला, करनार काय. गेला.

मंगळवारची संध्याकाळ आन् बुधवारची सकाळ, तिनं एकेक टोक जोडलं. नुस्तं पीळ देऊन टेप नाही मारली. आपल्या रस्त्यानं जे हिसके बसतात त्याच्यात नुस्ता पीळ महिनाभर टिकत नाही. तार सोले, पीळ देये, राळ लावे, कथलाचा डाग देये, थंड झालं का त्याच्यावर नळी चढवे, मंग टेप. सोळा जोड. सतरावं टोक कोनाचंच नव्हतं, आधीच्या मालकानं लावलेल्या भोंग्याचं होतं, ते तिनं बांधून ठेवलं. फ्यूज पाहून घेतला. बॅटरी जोडली.

बटन दाबलं. उजवा लाईट भक्कन लागला, दिवसा भी भिताडावर गोल पडला. डावा लागला, पन कसा, देव्हाऱ्यातल्या निरांजनीएवढा. पिवळट, मरतुकडा. आन् इंडिकेटर टाकला का तो लाईट भी इंडिकेटरसंगं डोळे मिचकावू लागला.

आता इथी रेणुका चुकली. तिले वाटलं, आपलाच जोड कच्चा राह्यला. बापाची सवय, पुन्हा पयल्यापासून. डाव्या बाजूचे सहाही जोड तिनं कापले, सोलले, नव्यानं डाग देल्ले. बुधवारची अख्खी दुपार त्याच्यात गेली. संध्याकाळी बटन दाबलं तं पुन्हा तीच निरांजनी. चंद्रशेखर म्हने, डावा दोन वर्षांपासून मंदच होता, मले वाटे काच पिवळी झाली. आन् मंग हळूच म्हने, पासिंग पुढं ढकलू का. त्याच्या सांगन्यात खोट नव्हती. पन ती त्या रात्री जेवली कमी आन् सकाळी सगळ्यायच्या आधी उठली.

गुरुवारी ती हत्यारं न घेता व्हॅनसमोर नुस्ती बसली. चहा भी तिथीच. जोड तिचे होते, ते कच्चे नव्हते, हे आता तिले पक्कं कळलं होतं. मंग करंट जाते कुठी. विहिरीच्या मोटारले वायरा जातात, त्यातल्या एकीतून येते, दुसरीतून वापस जाते. घरच्या बल्बले भी दोन. इथी मात्र एकच वायर बटनापासून येते. दुसरी एक बोटभर लांबीची काळी वायर, ती पत्र्याकडे जाऊन दिसेनाशी होते. ती दोन दिवस येनाऱ्या वाटेवरच बसली होती. जानारी वाट तिनं पाह्यलीच नव्हती. गाडीत वापसीची वाट म्हंजे गाडीचं अंगच, सारा पत्रा.

तिनं एक लांब वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसले, दुसरं डाव्या लाईटाच्या काळ्या वायरीले. डावा लाईट उजव्यासारखा भक्कन लागला. मिचकावनं बंद.

रेणुका बसल्या जागी हासली. वायर बरी होती, जोड बरे होते, काळ्या वायरीचं पत्र्याशी जमत नव्हतं. तिनं बोटानं त्या काळ्या वायरीचा माग काढला. ती खाली जाऊन एका बोल्टावर संपत होती. पन बोल्ट दिसेना. बोल्टाच्या जागी एक लाल गोळा होता, लिंबाएवढा, वरून गुळगुळीत, तेलकट. शेतातल्या बांधावर दगडाचा देव असते ना, शेंदूर चढून चढून तोंड न दिसनारा, तसा.

तिनं नखानं कोरून पाह्यलं. शेंदूरच होता.

"त्याले हात लावू नोको."

मांगे मंजुळाबाई उभी होती, सासू, हातात सूप. सत्तरीची बाई, सहसा आवाज चढवत नाही. तिचा चेहरा पाहून रेणुकानं बोट काढून घेतलं.

मंग मंजुळाबाईनं सांगतलं. व्हॅन घरी आली त्या वर्षीच्या दसऱ्याले तिनं समोरच्या पांढऱ्या पत्र्यावर तेल-शेंदूर लावला होता. चंद्रशेखर तिच्यावर लय रागावला, रंग खराब होते म्हने, डाग जात नाही. तवा तिनं ठरवलं का देवाचं देवाले आन् लेकाचं लेकाले. ते लहान झाकन उचलून आत कोनाले दिसनार नाही अशी जागा शोधली. तिथी एक गोल डोकं वर आलेलं होतं, बोल्टाचं, जसा काही देवच बसला. सात दसरे झाले, ती त्याच्यावर तेल-शेंदूर घालते, बाजूले खोबरं-गूळ ठेवते, आन् कोनाले सांगत नाही.

"याच्यानंच गाडीले आजवर काही झालं नाही," ती म्हनली. "तू पाच वर्षं सडकेवर हायेस. पोट्टे आत असतात. मी काय घरात झोपा काढत होती?"

रेणुकानं शेंदराचं बोट पदराले पुसलं. तासून टाकलं असतं तर दहा मिनिटायचं काम. सासूनं अडवलं नसतं, फार तर घरात जाऊन गप बसली असती, आन् उद्या सकाळी व्हॅन निघताना तिच्या छातीत धस्स झालं असतं, आन् परवा, आन् रोज. रेणुकाले लाईट पाह्यजे होता, पन अशी सासू घरी ठेवून तिले गाडी चालवाची नव्हती. आन् उद्या पासिंग होतं.

तिनं वाद घातला नाही. तो दोन तारांचा बल्ब घेतला, एक तार बॅटरीच्या प्लसले लावली, दुसरी तार मंजुळाबाईच्या हातात देली.

"आत्याबाई, तुमीच पाहा. शॉक लागत नाही याले. आधी शेंदरावर टेकवा."

मंजुळाबाईनं सूप खाली ठेवलं. भेत भेत तार शेंदराच्या गोळ्यावर टेकवली. बल्ब मेलेला.

"आता बाजूच्या पत्र्यावर, जिथी रंग खरचटला हाय तिथी."

टेकवली. बल्ब लखकन पेटला. म्हातारी दचकली, पन तार सोडली नाही. पुन्हा शेंदरावर, विझला. पुन्हा पत्र्यावर, लागला. चार-पाच खेप तिनं स्वतःच करून पाह्यलं, जशी पोरगी नवी खेळनी पाहते.

"म्हंजे मी वाट अडवून बसली होती," ती म्हनली.

"वाटेवर देव बसला होता," रेणुका म्हनली. "त्याले फक्त सरकाचं हाय."

मंजुळाबाईनं तार रेणुकाच्या हातात देली. मंग घरात गेली. रेणुकाले वाटलं झालं, आता बोलत नाही ही दोन दिवस. तं ती उलथनं आन् केळीचं पान घेऊन बाहेर आली. व्हॅनसमोर खाली बसली, हात जोडले, काहीतरी पुटपुटली, आन् आपल्या हातानं तो शेंदूर खरवडू लागली. सात वर्षांचे सात थर, एकाखाली एक, वरचा लाल, खालचा काळपट. साराच्या सारा केळीच्या पानावर काढला, एक चिमूट खाली सांडू देली नाही. पान विहिरीत सोडून आली, हात धुतले, आन् जाता जाता म्हनली का ते खोबरं भी मीच ठेवलं होतं, उंदीर माह्याच खोबऱ्यावर आला. रेणुका म्हनली, उंदराले कुटार भी पुरलं असतं. मंजुळाबाईनं तिच्याकडे पाह्यलं. रेणुका तिच्यासाठी खोटं बोलली हे तिले कळलं, आन् ते तिनं राहू देल्लं.

शेंदराखालून बोल्ट निघाला तो गंजानं खाल्लेला. काळ्या वायरीचं टोक हिरवं पडलेलं. रेणुकानं ते टोक कापलं, नवी कडी डाग देऊन लावली, पत्रा पॉलिश पेपरनं चांदीसारखा घासला, नवा बोल्ट कसला, वरून ग्रीसचं बोट फिरवलं. बटन दाबलं. भिताडावर दोन गोल पडले, सारखे.

शुक्रवारी बुलढान्याले आरटीओच्या मैदानात गाड्यायची रांग. रेणुकाचा नंबर अकरा वाजता आला. साहेब तरुन होता, चष्म्याचा, कामाचा. म्हने लाईट. लागले. डीपर मारा. मारला. डावा इंडिकेटर, उजवा, ब्रेक, रिव्हर्स. एकेक लागत गेलं. साहेब कागदावर टिक करत गेला. मंग थांबला, म्हने समोरचं झाकन उचला. त्यानं आत वाकून पाह्यलं. नव्या काळ्या टेपच्या गाठी रांगेनं, आन् दोन-तीन वायरायवर अजून टिकल्या चिकटेल, रेणुका काढाले इसरली होती.

साहेबानं एक वायर धरून ओढली. चांगली जोरात ओढली. मंग दुसरी. जोड हालला नाही.

"कोनत्या मिस्त्रीनं केलं?"

"मी केलं, साहेब."

त्यानं तिच्या हाताकडे पाह्यलं. बोटायवर कथलाचे भाजल्याचे ठिपके होते, अंगठ्याचं नख काळं. टिकल्या काढून टाका, ऊन लागलं का गोंद वितळते, एवढं म्हनला आन् सही केली.

तिथून ती घरी आली नाही. तशीच शाळेत गेली, आफिस सुट्टीत भी चालू होतं, मोठ्या बाईच्या टेबलावर कागद ठेवला, त्याची झेराक्स घ्याले लावली, आन् यादीत आपल्या नावापुढं नऊ पोट्टे हायेत का ते डोळ्यानं पाहून घेतलं. नऊच होते. कुलदीपच्या नावापुढं दुसऱ्या आळीतले सहा होते. पोट्ट्यायची काय कमी हाय गावात, सगळ्यायले पुरतात.

सोमवारी सकाळी धुकं पडलं होतं, हात लांब केला तं बोटं दिसेनात. गावातल्या माया स्वेटरात गुंडाळेल लेकरं घेऊन नाक्यावर उभ्या होत्या, गाडी येते का नाही पाहत. आधी काहीच नाही. मंग धुक्यात दोन गोल दिसले, एकमेकाच्या बरोबरीचे, आन् त्यायच्या मांगून रेणुकाचा भोंगा.